रसायनशास्त्रातून पर्यावरणाच्या कामाकडे वळायचे आहे : पुढचे शिक्षण कशात घ्यावे?

प्रश्न : नदीकाठची

नमस्कार. मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकते आणि इचलकरंजीत राहते. आमच्या शहरातली बहुतेक घरे यंत्रमाग, सायझिंग (सुताला खळ लावणे) आणि प्रोसेस (कापड धुण्या-रंगवण्याचे कारखाने) यांवर चालतात; माझे वडीलही एका प्रोसेसमध्ये रंगखात्यात कामाला आहेत. पंचगंगेचे पाणी उन्हाळ्यात कसे होते, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. जलपर्णी, मेलेले मासे आणि दर वर्षी त्याच त्या बातम्या पाहत आमची पिढी मोठी झाली. २०१२ साली शहरात काविळीची मोठी साथ आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. पाणी उकळून पिण्याचा नियम आमच्या घरात तेव्हा सुरू झाला, तो आजही चालू आहे.

मला पर्यावरणाच्या क्षेत्रातच काम करायचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न मार्गाचा आहे. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात करावी, की विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात करून मग इकडे वळावे? ‘सस्टेनेबिलिटी’ या नावाने ज्या नोकऱ्यांच्या जाहिराती दिसतात, त्यांत प्रत्यक्ष काम काय असते? आणि घरच्यांना पटेल अशी स्थिर नोकरी या वाटेवर मिळते का? महाविद्यालयात पर्यावरणाचा सक्तीचा पेपर होता. त्यात ओझोनचा थर आणि अन्नसाखळी यांच्यापलीकडे फारसे काही हाती लागले नाही आणि प्रकल्पवह्या तर सगळ्यांनी एकमेकांच्या पाहून उतरवल्या. त्यामुळे या क्षेत्रातले रोजचे काम कसे असते, याची मला नीट कल्पना नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.


उत्तर : नमुना_बाटली

मी पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम करत आहे, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूला झुकलेले असेल, हे आधीच सांगतो.

सक्तीच्या पेपरबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते खरे आहे आणि ते वाचून वाईट वाटते, कारण तो पेपर सहज आलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. त्याची नीट अंमलबजावणी होण्यासाठी न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले आणि २००३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. इतक्या खटपटीने मिळालेला तास उतरवलेल्या वह्यांत संपावा, ही मोठी हानी आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. पर्यावरण म्हणजे एकच एक विषय आहे असे समजून या क्षेत्रात येणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते. पाणी, हवा, माती, कचरा, ऊर्जा, जंगल या प्रत्येकाचे शास्त्र वेगळे आहे आणि त्याची मोजणीही वेगळी आहे. नोकरी देणारा शेवटी एवढेच पाहतो की, या उमेदवाराला कोणती गोष्ट विश्वासाने मोजता येते आणि त्या आकड्याचा अर्थ सांगता येतो. तुमच्याकडे रसायनशास्त्र आहे, म्हणजे पाण्याचे दार तुमच्यासाठी अर्धे उघडे आहे.

एक उदाहरण देतो. नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा असेल तर नमुना प्रयोगशाळेत आणून चालत नाही, कारण वाटेतच त्याचे प्रमाण बदलते. म्हणून काठावरच, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून तो ‘बांधून’ घ्यावा लागतो. झाकण लावून बाटली उलटसुलट हलवली आणि तपकिरी साका खाली बसला, तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला, तर नाही. पुढचे अनुमापन तुम्ही वर्गात केलेलेच आहे : आम्ल घालायचे, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट सोडायचे आणि वाचन लिहायचे. पण पहिला पांढरा साका काठावर उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की ‘नदी मेली’ या बातमीतल्या शब्दांचा अर्थ कळतो.

बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि सीओडी (तीच घाण रसायनांनी जाळायला लागणारा प्राणवायू) ही याच घराण्यातली मापे आहेत. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून करतात आणि नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडीला लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि सीओडीला २५० मिलिग्रॅम आहे. हे आकडे पाठ असणे वेगळे आणि एखाद्या ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) अहवालात सीओडी उतरला असूनही बीओडी का चढला, हे सांगता येणे वेगळे.

तेव्हा एम.एस्सी. कोणत्या नावाची, यापेक्षा त्या विभागात उपकरणे विद्यार्थ्यांच्या हाती देतात का आणि प्रबंधासाठी खरे नमुने गोळा करू देतात का, हे पाहा. शिवाजी विद्यापीठात तुमच्या घराजवळच पर्यावरणशास्त्र विभाग आहे, पुण्यातही सावित्रीबाई फुले विद्यापीठात आहे. प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. पुढे संशोधनाची इच्छा झाली तर नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. २०२१ पासून गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकी असा स्वतंत्र पेपरही आहे, त्याची तयारी बाजूने करता येते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भरतीकडेही लक्ष ठेवा. मात्र काही पदांना अभियांत्रिकीची पदवी लागते, म्हणून जाहिरातीतली पात्रता बारकाईने वाचावी. ही भरती नियमित होत नाही, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये. मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, पण हात तयार होतो.


उत्तर : आडविहीर

वरच्या उत्तरातले मोजणीचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. तरीही मोजणी पुरेशी असते असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून लिहीत आहे. मी भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन पाणलोट आणि भूजलाच्या कामात आले आणि गेली काही वर्षे नगर आणि बीड जिल्ह्यांतल्या गावांत काम करते.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा आहे. या काळ्या कातळात पाणी सर्वत्र सारखे नसते. ते भेगांत, झिजलेल्या मुरमात आणि थरांच्या सांध्यांत राहते. म्हणून आमचे काम विहिरीच्या काठावर बसून सुरू होते. विहिरीची बाजू वाचायची : वर माती, मग मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या, त्याखाली घट्ट काळा पाषाण आणि मध्येच कुठे तांबड्या गेरूचा पट्टा. झरा नेमका कोणत्या थरातून येतो, हे विहीर खोदणाऱ्या माणसाला आमच्या आधी ठाऊक असते. त्याला विचारण्याची पद्धत पुस्तकात दिलेली नसते आणि ती आल्याशिवाय नकाशा खरा उतरत नाही.

मोजलेले पाणी गावाने मान्य करणे, हा त्याच्या पुढचा आणि माझ्या मते सर्वांत अवघड टप्पा आहे. हिवरे बाजारचे नाव सगळे घेतात, पण तिथे झाडे आणि बांध यांच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, हे ग्रामसभेत मांडून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी पिके घ्यायची नाहीत, असे निर्बंध त्या गावाने स्वतःवर घालून घेतले. पोपटराव पवारांसारखे नेतृत्व प्रत्येक गावाला मिळत नाही, हे खरे. म्हणूनच आकडा आणि ग्रामसभा यांच्यामधले अंतर भरून काढणारी शिकलेली माणसे लागतात. केंद्राची अटल भूजल योजना २०१९ मध्ये आली, त्यातही गावाने स्वतःचा जलसुरक्षा आराखडा करावा हाच गाभा होता.

तुम्हाला या बाजूचे शिक्षण हवे असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामानबदल आणि शाश्वततेवरचा अभ्यासक्रम आहे, आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ केंद्र आहे. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेली इकॉलॉजिकल सोसायटी नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवत आली आहे. नोकरी करत असलेले अनेकजण त्यात शिकले. भूजलासाठी पुण्यातलीच ‘ॲक्वाडॅम’ आणि पाणलोटासाठी ‘वॉटर’ या संस्थांची प्रशिक्षणे पाहावीत. संस्थांतल्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पाच्या मुदतीच्या असतात आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा शोधाशोध करावी लागते, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. मुलीला गावोगावी फिरावे लागेल, ही काळजीही घरात व्यक्त होईल. माझ्या घरी ती झाली होती. पहिल्या वर्षी आईला एका गावात सोबत नेले, तिथल्या बायकांशी तिची ओळख झाली आणि तो विषय मिटला.


उत्तर : ताळेबंद

‘सस्टेनेबिलिटी’च्या नोकरीत काय काम असते, याचे उत्तर मी देतो, कारण पुण्यातल्या एका उत्पादन कंपनीत मी तेच करतो.

या नोकऱ्या अचानक वाढण्याचे कारण कायदेशीर आहे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ‘बीआरएसआर’ म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल देणे बंधनकारक केले. कंपनीने किती वीज, इंधन आणि पाणी वापरले, किती कचरा काढला, कामगारांना किती अपघात झाले, हे सारे त्यात आकड्यांनी सांगावे लागते. त्यामुळे रोजच्या कामाचा मोठा भाग वीजबिले, डिझेलच्या पावत्या आणि पाण्याच्या मीटरची वाचने गोळा करण्यात जातो. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे महिन्याला एक लाख युनिट वापरणाऱ्या कारखान्याच्या नावावर केवळ विजेपोटी सुमारे ७० टन जमा होतात. हा हिशेब सोपा आहे. अवघड भाग पुढचा : कच्चा माल, वाहतूक, पुरवठादार यांच्याकडून होणारे उत्सर्जन, ज्याला ‘स्कोप ३’ म्हणतात. लहान पुरवठादाराकडे ना मीटर असतो ना नोंद, आणि आमच्या प्रश्नावलीला तो अंदाजे आकडे भरून देतो.

या कामाला केवळ कागदी काम म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. जो खर्च आणि जे प्रदूषण आजवर कोणाच्याही वहीत नव्हते, ते संचालक मंडळासमोर आकड्यात मांडले जाते तेव्हा बॉयलर बदलण्याचा प्रस्ताव मंजूर होताना मी पाहिला आहे. पण अहवाल लिहिणाऱ्याला कारखान्यातले यंत्र कळत नसेल, तर तो फक्त रकाने भरतो. म्हणून या वाटेने यायचे असेल तर थेट अहवाललेखनात शिरू नका. आधी दोन-तीन वर्षे प्रयोगशाळेत, ईटीपीवर किंवा ऊर्जा परीक्षणात काढा.

तुमच्या शहराच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. परदेशी कपडे-ब्रँड आता त्यांच्या कापडाला रंग देणाऱ्या कारखान्यांकडे ‘झेडडीएचसी’सारख्या (घातक रसायने बाहेर न सोडण्याच्या) कार्यक्रमांतून बंदी असलेल्या रसायनांची आणि सांडपाण्याच्या चाचण्यांची माहिती मागतात. रंगाचे रसायन समजणारी आणि प्रोसेसमधली भाषा बोलणारी व्यक्ती या कामाला मिळणे कठीण जाते. तुम्ही दोन्ही घरातून घेऊन येत आहात.


नदीकाठची

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. घरी वडिलांना वाचून दाखवली. आता मनातला दुसरा प्रश्न विचारते, जो पहिल्यांदा लिहायला धीर झाला नाही. नदी घाण करणाऱ्या कारखान्यांवर कारवाई व्हावी, असे मला वाटते. पण प्रोसेस बंद ठेवण्याचा आदेश निघतो तेव्हा आमच्या गल्लीतल्या माणसांचा रोज बुडतो, हेही मी पाहिले आहे. मी उद्या मंडळात किंवा प्रयोगशाळेत काम करू लागले आणि माझ्या सहीच्या अहवालावरून एखादे युनिट बंद झाले, तर मी कोणाच्या बाजूने उभी असेन? या क्षेत्रातली माणसे हा पेच कसा सोडवतात?


उत्तर : हरकत_सूचना

मी वकील आहे आणि पर्यावरणविषयक प्रकरणे चालवते. त्यांतली काही पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढे असतात. तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, म्हणून त्यावरच लिहिते.

जल अधिनियम १९७४ च्या कलम ३३-अ खाली मंडळाला उद्योग बंद करण्याचे, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचे आदेश देता येतात. हा शेवटचा उपाय आहे आणि तो वापरावा लागतो तेव्हा त्याआधीच्या अनेक पायऱ्यांवर कोणीतरी आपले काम केलेले नसते, असे माझ्या अनुभवास आले आहे. मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतिपत्रात किती पाणी वापरायचे, किती सोडायचे हे लिहिलेले असते. ते दर महिन्याला कोणी ताडून पाहिले असते, तर गोष्ट बंदपर्यंत गेली नसती. प्रामाणिक आणि वेळेवर केलेली तपासणी कामगाराच्या विरोधात नसते. उशिरा जागे झालेल्या व्यवस्थेचा फटका मात्र सर्वांत आधी त्यालाच बसतो.

त्याच कायद्याचे कलम २१ तुम्ही आताच वाचून ठेवा. कायदेशीर नमुना घेताना कारखान्याच्या प्रतिनिधीला तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते, नमुन्याचे भाग करून ते सीलबंद करावे लागतात, त्यांवर सह्या लागतात. ही पद्धत पाळली नाही तर उत्तम प्रयोगशाळेचा अहवालही न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. नदीसाठी चांगली बाजू असूनही केवळ बाटलीवरची सही राहिल्याने प्रकरण ढासळलेले मी पाहिले आहे. म्हणजे तुमच्या सहीचे वजन दोन्ही बाजूंना आहे : खऱ्या दोषीला ती सुटू देत नाही आणि निर्दोष युनिटला चुकीच्या आकड्यापासून वाचवते.

रोजगार आणि नदी यांच्यातला पेच कायद्याने पूर्ण सुटत नाही, तो बऱ्याच अंशी रंगखात्यातच सुटतो. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग बसवण्यासाठी भरपूर मीठ लागते आणि जैविक प्रक्रियेने ते मीठ पाण्यातून जात नाही. त्यामुळे बीओडी मर्यादेत असूनही खाली शेती करणाऱ्याला खारे पाणी मिळते. यावर उपाय आहेत. कोल्ड पॅड बॅच पद्धतीत (कापड थंड रंगात भिजवून, गुंडाळून ठेवतात) मीठ घालावे लागत नाही, धुण्याचे पाणी उलट्या क्रमाने पुन्हा वापरता येते, मर्सरायझिंगमधला (सुती कापडाला चमक आणण्याच्या प्रक्रियेतला) कॉस्टिक सोडा परत मिळवता येतो. यांतले काय परवडते आणि कुठे अडते, याबद्दल तुमच्या वडिलांना विचारा. पर्यावरणाच्या कोणत्याही वर्गात हे तुम्हाला इतक्या नेमकेपणाने कोणी सांगणार नाही.

आणि मराठीत लिहायची सवय सोडू नका. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीआधी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि त्या मूल्यांकनाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. तो सारांश अनेकदा इतका क्लिष्ट असतो की गावकऱ्यांना हरकत कशावर घ्यायची तेच कळत नाही. शास्त्र कळणारी आणि स्वच्छ मराठी लिहिणारी माणसे या एका कामासाठीही हवी आहेत.


उत्तर : नमुना_बाटली

वकीलताईंनी कलम २१ बद्दल लिहिले ते फार बरे झाले. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना हे कोणी शिकवलेले नसते.

निर्णय घेण्यासाठी तुमच्याकडे अजून काही महिने आहेत, त्यांचा उपयोग असा करता येईल. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पंचगंगेवर घ्या. शहराच्या वर एक जागा, नाले मिळतात त्याच्या खाली एक आणि नृसिंहवाडीच्या संगमाआधी एक, अशा तीनच जागा निवडा. प्राणवायू, सामू, विद्युतवाहकता आणि क्लोराइड एवढ्याच चाचण्या करा. त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होतात आणि मिठाचा प्रश्न विद्युतवाहकता आणि क्लोराइड यांतून दिसतो. शक्य झाले तर पहाटे आणि दुपारी असे दोन्ही वेळचे नमुने घ्या, कारण शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री वापरतात. फक्त दुपारचा आकडा नदीचे चित्र फसवे दाखवतो. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि पाण्याचे तापमान तिथेच लिहा. नदीत एकटीने उतरू नका, सोबत कोणीतरी असू द्या. पुलावरून दोरीला बादली बांधूनही नमुना घेता येतो, फक्त प्राणवायूची बाटली भरताना नळी तळापर्यंत सोडून पाणी हळू भरायचे.

विश्लेषणात हात रमला तर रसायनशास्त्राची एम.एस्सी. घ्या. काठावर लोकांशी बोलण्यात, नाला कुठून येतो ते शोधण्यात जास्त वेळ जाऊ लागला, तर पर्यावरणशास्त्र किंवा ‘आडविहीर’ यांनी सुचवलेल्या संस्था पाहा. पहिली वाचने आली की इथेच टाका. थायोसल्फेटचे प्रमाणीकरण कधी केले होते, तेही सोबत लिहा.